वाचक विचारतात : अजून न बनलेल्या पदार्थांचे गणित

पदार्थ प्रत्यक्ष बनवण्याआधी त्याचे गुणधर्म गणिताने कसे काढले जातात, याविषयी मागील अंकात आलेल्या लेखावर कोल्हापूर आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला पुढे ‘थिऑरेटिकल कंडेन्स्ड मॅटर फिजिक्स’मध्ये संशोधन करायचे आहे. प्रयोगशाळा नाही, यंत्रसामग्री नाही. मग हे लोक दिवसभर नेमके करतात तरी काय? आणि नियम आधीच माहीत आहेत असे तुम्ही लिहिता, तर मग संशोधन कशाचे उरले?
– एक पालक, कागल

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच पहिल्याचे उत्तर आहे. घन आणि द्रव पदार्थांत अणू एकमेकांना खेटून असतात आणि त्यांचे असंख्य इलेक्ट्रॉन एकमेकांवर सतत परिणाम करत असतात. अशा समुदायाचे वागणे समजून घेणे हे कंडेन्स्ड मॅटर भौतिकीचे काम आहे. तांब्यातून वीज सहज का वाहते आणि काचेतून का वाहत नाही, चुंबकाला लोखंड चिकटते पण ॲल्युमिनियम का चिकटत नाही, हे सारे प्रश्न या शाखेच्या अखत्यारीत येतात. त्यामागचे नियम पुंजयामिकीचे (क्वांटम मेकॅनिक्सचे) असून ते १९२० च्या दशकातच हाती आले होते. रसायनशास्त्राला आणि भौतिकीच्या फार मोठ्या भागाला लागणारे मूलभूत नियम आता पूर्णपणे माहीत झाले आहेत, मात्र ते लावल्यावर तयार होणारी समीकरणे इतकी गुंतागुंतीची आहेत की ती सुटत नाहीत, अशा आशयाचे विधान पॉल डिरॅक यांनी १९२९ मध्येच केले होते.

ही अडचण किती मोठी आहे, ते लोखंडाच्या एका अणूवरून पाहता येते. त्यात २६ इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाची जागा सांगायला तीन अंक लागतात, म्हणजे एकूण ७८ चलराशी झाल्या. प्रत्येक चलराशीसाठी अवघे दहा बिंदू धरले, तरी त्या अणूचे पुंजयामिकीतील वर्णन नोंदवण्यासाठी एकावर ७८ शून्ये एवढे आकडे साठवावे लागतील. जगातल्या सगळ्या संगणकांची साठवण एकत्र केली तरी ते त्यात मावणार नाहीत. आणि हा हिशेब एका अणूचा आहे, खिळ्याचा नव्हे.

या कोंडीतून वाट काढली ती १९६४ मध्ये पिएर होहेनबर्ग आणि वॉल्टर कोन यांनी, आणि पुढच्याच वर्षी कोन आणि लू शॅम यांनी. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगरावर कोण कुठे उभा आहे याची नावनिशीवार यादी न करता, कोणत्या जागी गर्दी किती दाट आहे एवढाच नकाशा काढावा, तसे त्यांनी इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत केले. सर्वांत कमी ऊर्जेच्या स्थितीत इलेक्ट्रॉनांची घनता ठिकठिकाणी किती आहे हे कळले, तर तत्त्वतः बाकीचे सर्व गुणधर्म तेवढ्यावरून ठरतात, हे त्यांनी सिद्ध केले. घनतेला मात्र तीनच चलराशी लागतात, त्यामुळे वरच्या हिशेबातील एकावर ७८ शून्यांच्या जागी एक हजार आकडे पुरतात. या पद्धतीला डेन्सिटी फंक्शनल थिअरी, थोडक्यात डीएफटी, म्हणतात. कोन हे भौतिकीचे, पण त्यांना १९९८ चे नोबेल मिळाले ते रसायनशास्त्राचे, जॉन पोपल यांच्यासोबत.

यात एक मेख आहे, आणि तुमच्या मुलीचा पुढचा बराच काळ तिच्याभोवती जाणार आहे. घनतेवरून ऊर्जा काढण्याच्या सूत्रातला एक भाग नेमका कसा आहे, हे आजवर कोणालाही सापडलेले नाही. इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत फिरतात त्यातून निर्माण होणाऱ्या ऊर्जेचा हा भाग आहे आणि तो अंदाजाने धरावा लागतो. त्याचा परिणाम सिलिकॉनसारख्या सर्वपरिचित पदार्थातही दिसतो. सर्वांत जुना आणि साधा अंदाज वापरला, तर सिलिकॉनच्या स्फटिकाच्या घनाकृती घटकाची बाजू सुमारे ५.४० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) येते. प्रयोगातील मोजमाप ५.४३ आहे. अर्ध्या टक्क्याच्या आसपासची ही चूक कौतुक वाटावे इतकी लहान आहे. परंतु ज्याच्या बळावर सिलिकॉन अर्धसंवाहक ठरतो, तो इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांमधला फरक (बँड गॅप) हेच गणित सुमारे ०.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट (इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याचे एकक) सांगते, आणि प्रत्यक्षात तो १.१ च्या जवळ आहे. एकाच गणिताचे एक उत्तर डोळे मिटून घ्यावे असे, तर दुसरे निम्म्यावर चुकलेले.

म्हणून या संशोधकांचा दिवस संगणकाला काम लावून चहा पिण्यात जात नाही, निदान सगळा जात नाही. स्फटिकाची रचना ठरवणे, कोणता अंदाज कशासाठी चालेल ते निवडणे, आलेला आकडा पदार्थाचा आहे की आपण घेतलेल्या सवलतीचा, हे वेगवेगळ्या मार्गांनी तपासणे आणि शेवटी तो तसाच का आला याचे कारण शब्दांत मांडणे, असे ते काम असते. याशिवाय दुसरीही एक परंपरा आहे. तिच्यात एकेका पदार्थाचे तपशील बाजूला ठेवून कागदावर साधे प्रारूप मांडतात आणि समुदायाच्या वागण्याचे नियम शोधतात. अणूंचे नियम माहीत असले तरी त्यांच्या समुदायात नवे नियम उभे राहतात, आणि तेही तितकेच मूलभूत असतात, ही भूमिका फिलिप अँडरसन यांनी १९७२ च्या एका गाजलेल्या लेखात मांडली. अशुद्ध, अव्यवस्थित पदार्थात इलेक्ट्रॉन अडकून कसे पडतात याविषयीच्या १९७९ च्या प्रसिद्ध शोधनिबंधात अँडरसन यांच्यासोबत आपले टी. व्ही. रामकृष्णन होते. सांख्यिकी भौतिकीतील बोल्ट्झमन पदक २०२२ मध्ये प्रथमच एका भारतीयाला, दीपक धर यांना, मिळाले. त्यांची कारकीर्द मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत घडली. सांगायचे ते एवढेच, की या विषयासाठी परदेशीच जायला हवे असे नाही.

वाटेबद्दल थोडक्यात सांगतो. एम.एस्सी.साठी ‘जॅम’, पुढे पीएच.डी.साठी ‘नेट’, ‘गेट’ आणि ‘जेस्ट’ या परीक्षा असतात. लिनक्स, पायथन आणि रेषीय बीजगणित यांची तयारी आतापासून करता येईल. प्रयोगाशी नाते तोडू नये, असा माझा आग्रह राहील. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात थिन फिल्मवर (पदार्थांच्या अतिपातळ थरांवर) कित्येक दशके काम चालले आहे. काचेच्या पट्टीवर द्रावण फवारून फिल्म कशी जमते, आणि दोन पट्ट्या एकाच दिवशी बनवूनही त्यांचे गुणधर्म वेगळे का येतात, हे एकदा उभे राहून पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या गणितात वेगळाच सावधपणा येतो.

प्रश्न : आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या चांदीकामात आहे. सोने पिवळे आणि चांदी पांढरी का, असे माझ्या नातवाने विचारले. धातूचा रंग तसाच असतो, असे सांगून मी वेळ मारून नेली. यामागे काही शास्त्र आहे का?
– एक वाचक, हुपरी

उत्तर : नातवाचा प्रश्न वरवर साधा आहे, पण त्याच्या उत्तराला आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताशिवाय पूर्णता येत नाही.

धातूवर पडणारा प्रकाश त्यातील मोकळे इलेक्ट्रॉन परत फेकतात, म्हणून धातू चमकतो. सर्व रंग सारखेच परत आले, तर तो पांढरा दिसतो. पण आतल्या पातळीवरील इलेक्ट्रॉनांना वर उडी मारण्यासाठी लागणारी ऊर्जा एखाद्या रंगाच्या प्रकाशात असेल, तर तो रंग शोषला जातो. चांदीत या उडीला सुमारे ३.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या जांभळ्या प्रकाशातही एवढी ऊर्जा नसते, ती अतिनील किरणांत असते. म्हणून दिसणारा सर्व प्रकाश चांदी परत करते. सोन्यात हीच उडी सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. त्यामुळे निळा आणि जांभळा प्रकाश सोने गिळते, आणि परत येतो तो पिवळसर.

आता उडी लहान का झाली, हा खरा प्रश्न. चांदीचा अणुक्रमांक ४७, सोन्याचा ७९. केंद्रकावरील भार जितका जास्त, तितके त्याच्या अगदी जवळचे इलेक्ट्रॉन वेगाने फिरतात. सोन्यात हा वेग प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ५८ टक्के होतो, चांदीत साधारण ३४ टक्के. एवढ्या वेगाला सापेक्षता सिद्धांत दुर्लक्षिता येत नाही. सोन्यातील तो इलेक्ट्रॉन जणू वीसेक टक्क्यांनी जड होतो, आणि त्याची कक्षा तेवढी आत ओढली जाते. गंमत अशी, की बाहेरच्या थरातील ज्या इलेक्ट्रॉनांची भ्रमणकक्षा केंद्रकाजवळून जाते, तेही आत ओढले जातात आणि त्यांची पातळी खाली येते. तर त्यांच्या आतल्या एका गटाला केंद्रकाचा भार कमी जाणवू लागतो आणि त्याची पातळी वर सरकते. दोन्ही पातळ्या जवळ आल्याने उडी लहान होते. संगणकात सापेक्षता वगळून हेच गणित केले, तर सोने चांदीसारखेच पांढरे निघते.

तुमच्या पेढीवर बसणारा कोणीही यावर लगेच विचारील, की मग तांबे लाल का? तांब्याचा अणुक्रमांक फक्त २९ आहे, तिथे सापेक्षतेचा परिणाम नगण्य. तांब्यात त्या दोन पातळ्या मुळातच जवळ असतात, उडी सुमारे २.१ इलेक्ट्रॉन व्होल्टची असते, आणि म्हणून तांबे लालसर दिसते. चांदीत त्यांतली आतली पातळी बरीच खोल जाते आणि रंग नाहीसा होतो. सोन्यात ती पुन्हा वर आणण्याचे काम सापेक्षता करते. चांदी काळी पडते त्याचा मात्र या साऱ्याशी संबंध नाही. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, एवढेच ते कारण.

नातवाला आणखी एक सांगण्यासारखे आहे. गाडीच्या शिसे-आम्ल बॅटरीचा एक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. राजीव आहुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेल्या गणनेनुसार त्यातले १.७ ते १.८ व्होल्ट केवळ शिशातील सापेक्षतेच्या परिणामांमुळे मिळतात. तसे नसते, तर सकाळी गाडी सेल्फवर सुरू झाली नसती.

प्रश्न : आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. नवीन मिश्रधातू आता संगणकावर तयार होतात असे लेखात होते. आमच्याकडे स्पेक्ट्रोच्या (धातूतील घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टमध्ये सगळे घटक बरोबर असतात आणि तरीही कधी कधी हीट, म्हणजे भट्टीतली धातूची एक अख्खी खेप, रिजेक्ट होते. मग संगणकाने घटकांचे प्रमाण सांगून आम्हाला काय उपयोग?
– एक उद्योजक, शिरोली

उत्तर : तुमचा आक्षेप रास्त आहे, आणि नव्या पदार्थांविषयी उत्साहाने लिहिणाऱ्या बहुतेकांना तो सुचत नाही.

तुमच्याच भट्टीचे उदाहरण घेऊ. एफजी २६० दर्जाचे ग्रे आयर्न आणि एसजी ५००/७ दर्जाचे एसजी आयर्न हे बिडाचे दोन प्रकार. दोन्हीत कार्बन साधारण तीन ते पावणेचार टक्के, दोन्हीत सिलिकॉन, आणि बाकी लोखंड. पहिल्याचे ताणबळ चौरस मिलिमीटरला २६० न्यूटन असते आणि ते जवळजवळ न ताणता तुटते. दुसऱ्याचे ५०० न्यूटन असते, आणि तुटण्याआधी ते सात टक्के लांबते. फरक पडतो तो लॅडलमध्ये (वितळलेला धातू ओतायच्या भांड्यात) टाकलेल्या आणि शेवटी धातूत जेमतेम ०.०३ ते ०.०५ टक्के उरणाऱ्या मॅग्नेशियमने. त्याच्यामुळे ग्राफाइट पातळ पापुद्र्यांच्या रूपात न वाढता गोळ्यांच्या रूपात वाढते. पापुद्र्यांच्या टोकांशी ताण एकवटतो आणि तडा तिथूनच धावतो. गोळ्यांना अशी टोके नसतात. लॅडल भरल्यावर ओतायला उशीर झाला, तर मॅग्नेशियमचा परिणाम ओसरतो, म्हणून पहिला साचा उत्तम आणि शेवटचा नापास, हा अनुभव तुम्हाला वेगळा सांगायला नको. स्पेक्ट्रो घटक सांगतो, आकार सांगत नाही. आकार पाहायला नमुना घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखालीच धरावा लागतो.

आता सिद्धांताच्या बाजूने पाहू. इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरील गणना नेहमीच्या कामात काहीशे अणूंपर्यंत चालते. तुमच्या कास्टिंगमधील तीस मायक्रॉन व्यासाच्या एका ग्राफाइट गोळीत कार्बनचे अणू असतात एकावर पंधरा शून्यांहून अधिक. या दोन आकड्यांमधली दरी मोठ्या संगणकाने बुजत नाही. म्हणून एक साखळी वापरतात. अणूंच्या गणनेतून कोणती रचना किती स्थिर हे काढायचे. ते आकडे प्रयोगातील मोजमापांसोबत एकत्र करून कोणत्या तापमानाला कोणती प्रावस्था (द्रव किंवा विशिष्ट रचनेचा घन) तयार होईल याचे तक्ते बनवायचे, ज्या पद्धतीला कॅलफॅड म्हणतात आणि जी १९७० च्या सुमारास आकाराला आली. त्यावरून कण कसे वाढतील याचे गणित करायचे. आणि शेवटी साच्यात धातू कसा भरेल आणि कसा थिजेल याचे सिम्युलेशन. या साखळीचे शेवटचे टोक तुमच्या परिसरातील अनेक फाउंड्रीत आधीच वापरात आहे. पहिले टोक आमच्यासारख्यांच्या टेबलावर आहे. मधले दुवे अजून ठिकठिकाणी कच्चे आहेत. मॅग्नेशियम गंधक आणि ऑक्सिजन यांना बांधून ठेवते इथपर्यंत सर्वांचे एकमत आहे, पण त्यानंतर ग्राफाइट नेमके कोणत्या यंत्रणेने गोल होते, यावर आजही वाद चालू आहेत. लक्षात घ्या, एसजी आयर्न कारखान्यांत आले १९४० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे डीएफटी जन्मायच्या पंधरा वर्षे आधी, आणि ते आले भट्टीवरच्या प्रयोगांतून.

तरीही या साखळीचा उपयोग नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. विमानाच्या चाकांच्या आधारासाठी वापरलेले ‘फेरियम एस५३’ हे गंजरोधक, उच्च ताकदीचे पोलाद अशाच पद्धतीने आधी संगणकावर आखले गेले आणि मग वितळवले गेले. अमेरिकेने २०११ मध्ये ‘मटेरियल्स जिनोम’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा त्याचे उद्दिष्ट नवा पदार्थ शोधापासून बाजारापर्यंत येण्याचा काळ, जो तेव्हा दहा ते वीस वर्षे धरला जाई, तो निम्म्यावर आणण्याचे होते. म्हणजे गणिताकडून अपेक्षा आहे ती शंभर हीट घेण्याऐवजी वीस घ्याव्या लागण्याची. त्या वीस घेणारा माणूस भट्टीजवळच लागतो. रिजेक्शनचा तुमचा आजचा प्रश्न तर याहून खूप साधा आहे: ओतण्याची वेळ, इनॉक्युलेशन (ओतण्याआधी धातूत थोडे पूरक मिश्रण घालणे) आणि स्क्रॅपमधून येणारी शिसे-टिटॅनियमसारखी सूक्ष्म घाण, यांची नोंद प्रत्येक लॅडलगणिक ठेवा. त्यासाठी पुंजयामिकी नको, एक वही आणि ती रोज भरणारा माणूस हवा.

प्रश्न : २०२३ मध्ये ‘एलके-९९’ नावाच्या पदार्थाची मोठी चर्चा झाली. खोलीच्या तापमानाला अतिसंवाहकता सापडली, असे मी वर्गात विद्यार्थ्यांना सांगितलेही. नंतर सगळे शांत झाले. सिद्धांताने आधीच खरे-खोटे का सांगितले नाही?
– एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : अतिसंवाहक म्हणजे विशिष्ट तापमानाखाली विजेला मुळीच रोध न करणारा पदार्थ. १९११ मध्ये पाऱ्यात हा गुणधर्म ४.२ केल्विनला, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसला, प्रथम दिसला. कारण समजायला १९५७ उजाडले; आणि १९८६ मध्ये तांब्याच्या ऑक्साइडांमध्ये जी अतिसंवाहकता सापडली, तिच्या कारणावर अजून एकमत नाही. ज्या घटनेचा पूर्ण सिद्धांतच नाही, तिच्याबद्दल चार दिवसांत निकाल मागणे सिद्धांतावर अन्याय करणारे आहे.

एलके-९९ च्या बाबतीत मात्र सिद्धांत गप्प बसला नव्हता. उलट तो घाईने बोलला. जुलै २०२३ मध्ये कोरियातील संशोधकांनी दावा जाहीर केला, की शिशाच्या फॉस्फेट खनिजात थोडे तांबे घातल्यास तो पदार्थ साध्या दाबाला, शंभर अंश सेल्सिअसच्याही वर अतिसंवाहक राहतो. काही दिवसांतच जगभरातून डीएफटीच्या गणना आल्या. तांब्याचा अणू शिशाच्या एका ठराविक जागी बसला असे धरले, तर इलेक्ट्रॉनांचे ऊर्जापट्टे अगदी सपाट येतात, असे त्यांत दिसले. सपाट पट्टे ही अतिसंवाहकतेला पोषक मानली जाणारी खूण आहे, पण ती खूण आहे, पुरावा नव्हे. शिवाय ‘असे धरले तर’ हा भाग बातम्यांत गळून पडला. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी पदार्थ बनवून पाहिला, तेव्हा अतिसंवाहकता आढळली नाही. रोध एकदम घसरण्याचे कारण नमुन्यात भेसळ म्हणून असलेले कॉपर सल्फाइड निघाले, ज्याची रचना शंभर अंश सेल्सिअसच्या थोडे वर बदलते. जर्मनीत या पदार्थाचे शुद्ध स्फटिक वाढवण्यात आले. ते जांभळट, पारदर्शक आणि वीज न वाहू देणारे होते.

विद्यार्थ्यांना याच विषयातले यशस्वी उदाहरणही सांगा, नाहीतर ते सिद्धांताला मोडीत काढतील. हायड्रोजन आणि गंधक यांचे संयुग प्रचंड दाबाखाली २०० केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होईल, असे चिनी सैद्धांतिकांनी २०१४ मध्ये गणिताने सांगितले. २०१५ मध्ये जर्मनीतील माइन्झ येथे ते प्रयोगात २०३ केल्विनला दिसले. पुढे लँथेनम आणि हायड्रोजन यांच्या संयुगाचे भाकीत २०१७ मध्ये झाले, आणि २०१९ मध्ये सुमारे २५० केल्विन, म्हणजे उणे २३ अंश सेल्सिअसला, ते खरे ठरले. भाकीत जमले याचे कारण असे, की या संयुगांना १९५७ चा जुना सिद्धांत लागू पडतो. अडचण दाबाची आहे: वातावरणाच्या दाबाच्या पंधरा-सतरा लाख पट दाब, तोही दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरलेल्या, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशा कणावर. त्यातून वीजवाहक तारा निघणार नाहीत.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेने लाखो नवे पदार्थ शोधले असे वाचले. आता सैद्धांतिक संशोधकांची गरज उरेल का?
– एक विद्यार्थी, इचलकरंजी

उत्तर : तुम्ही वाचलेली बातमी बहुधा नोव्हेंबर २०२३ ची असावी. गूगलच्या डीपमाइंड कंपनीने २२ लाख नव्या स्फटिकरचना सुचवल्या आणि त्यांतील सुमारे ३ लाख ८० हजार स्थिर असतील असे म्हटले. ‘शोधले’ हे क्रियापद येथे सैल वापरले गेले. स्थिरतेचा निकाल डीएफटीचाच, तोही निरपेक्ष शून्य तापमानाचा, आणि सर्व अणू शिस्तीत आपापल्या जागी बसले आहेत असे धरून. खऱ्या नमुन्यात सारख्या स्वभावाच्या दोन मूलद्रव्यांचे अणू एकमेकांच्या जागा बिनदिक्कत बळकावतात, आणि मग संगणकातले दोन ‘नवे’ पदार्थ प्रत्यक्षात एकच, तोही जुनाच, निघतो. पुढच्या वर्षी या यादीची चिकित्सा करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनी तिच्यात प्रोमेथियमसारख्या, कोणाच्या कामी येणार नाहीत अशा किरणोत्सारी मूलद्रव्यांची संयुगे दाखवून दिली. याद्या लांब झाल्या, की त्यांतून काय वगळायचे हे कळणाऱ्या माणसाची किंमत वाढते. तेव्हा काळजी नसावी.

प्रश्न : हे गणित घरच्या लॅपटॉपवर करून पाहता येईल का? कॉलेजात सुपरकॉम्प्युटर नाही.
– बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अवश्य. ‘क्वांटम एस्प्रेसो’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि लिनक्स असलेल्या साध्या लॅपटॉपवर चालते. सुरुवात सिलिकॉनने करा, कारण त्याच्या स्फटिकाच्या मूळ घटकात दोनच अणू असतात आणि एक गणना मिनिटभरात संपते. पहिल्याच दिवशी येणाऱ्या उत्तरावर खूश होऊ नका. गणनेत दोन गोष्टी तुम्हाला ठरवाव्या लागतात: इलेक्ट्रॉनांच्या लहरींचे वर्णन किती बारकाईने करायचे ती ऊर्जामर्यादा, आणि स्फटिकातील लहरींच्या दिशांचे किती नमुनाबिंदू घ्यायचे ती जाळी. एक स्थिर ठेवून दुसरी टप्प्याटप्प्याने वाढवा, प्रत्येक वेळी एकूण ऊर्जा वहीत लिहा आणि आलेख काढा. आकडा हलायचा थांबला, की मगच पुढे जा. हा टप्पा गाळलेले शोधनिबंधही छापून येतात, पण ते वाचणाऱ्याच्या लक्षात येते. त्यानंतर घटकाची बाजू ५.२ ते ५.६ अँगस्ट्रॉमपर्यंत थोडी थोडी बदलून ऊर्जा सर्वांत कमी कुठे येते ते पाहा. उत्तर ५.४० च्या आसपास, म्हणजे पहिल्या उत्तरातील साध्या अंदाजाइतके आले, तर तुमची पद्धत बरोबर आहे. ५.४६ ते ५.४७ आले, तर बहुधा तुम्ही दुसऱ्या, नंतरच्या पिढीतील अंदाजाची फाइल घेतली आहे, आणि तेही चूक नाही. फक्त कोणती घेतली ते नोंदवून ठेवा. मग गॅलियम आर्सेनाइड घ्या. त्याचे मोजलेले माप ५.६५ अँगस्ट्रॉम आहे.